छात्रालयातील साने गुरुजी

आजच्या जळगाव जिल्ह्यात बोरी नदीच्या काठी अमळनेर हे गाव वसलेले आहे. या भागाला पूर्वी पूर्व खानदेश असे नाव होते. सखाराम महाराजांची समाधी, कापडाची गिरणी, तत्त्वज्ञान मंदिर आणि प्रताप हायस्कूल यांमुळे अमळनेरचे नाव शंभर वर्षांपूर्वीच साऱ्या खानदेशात झाले होते. त्या काळी खेड्यापाड्यांत इंग्रजी शाळा क्वचितच आढळत. म्हणून ज्वारी-कपाशी पिकविणाऱ्या शेतकऱ्यांची मुले शिक्षणासाठी अमळनेरला येत. कोणाच्या घरी अहिराणी बोलत, तर कोणाच्या घरी तावडी. अंथरूणाची वळकटी, एखादी ट्रंक आणि आईने बांधून दिलेली फराळाची शिदोरी घेऊन ही मुले शाळेच्या छात्रालयात राहावयास येत.

घरी आईच्या हाताखाली वाढलेली ती मुले. स्वतःची खोली झाडावी, कंदिलाची काच पुसावी, कपडे धुवावेत, पुस्तके नीट लावावीत, याची त्यांना सवय कोठून असणार? खोल्यांतून केर साचे, अंथरुणे दिवसभर तशीच पसरलेली असत. छात्रालयाच्या प्रमुखाने अशा वेळी काय करावयाचे, हे सर्वांना ठाऊक होते. हजेरी घ्यावी, नियम वाचून दाखवावेत, चुकणाऱ्यास रागवावे, प्रसंगी दंड करावा किंवा छडी उगारावी. बहुतेक ठिकाणी असेच चाले. प्रमुखाची पाठ फिरली की मुले पुन्हा पूर्वीसारखी वागत, हेही सर्वांना ठाऊक होते.

अशा छात्रालयाची जबाबदारी एका तरुण शिक्षकाकडे आली. अंगावर साधे कपडे, बोलणे हळू, स्वभाव लाजाळू. मुलांना धाक वाटावा असे त्यांच्यात काहीच नव्हते. त्यांचे नाव पांडुरंग सदाशिव साने. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणून ओळखू लागला.

गुरुजी मूळचे खानदेशातले नव्हेत. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. घराणे एके काळी खोतीचे, चांगले खाऊनपिऊन सुखी होते. परंतु गुरुजींच्या लहानपणी ते वैभव ओसरले आणि घरी गरिबी आली. आई यशोदाबाई फार मायाळू होत्या, तशाच करारीही होत्या. घरातील काम करण्यात मुलग्याला कमीपणा नाही, आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यासारखे सुख नाही, हे संस्कार त्यांनी आपल्या पांडुरंगाच्या मनावर लहानपणीच उमटविले.

शिक्षणासाठी पांडुरंगाला लवकरच घर सोडावे लागले. दापोली, औंध आणि पुणे अशा तीन ठिकाणी तो शिकला. परक्या गावी हाताने स्वयंपाक करावा, मिळेल ते खावे, कधी उपाशी राहावे, पण अभ्यास सोडू नये, असे ते दिवस होते. १९१७ साली आई वारली, तेव्हा तो शिक्षणासाठी दूर होता. आईची शेवटची भेट झाली नाही, याचे दुःख त्याच्या मनातून कधी गेले नाही. घर सोडून राहणाऱ्या मुलाला काय वाटते, आजारी पडल्यावर त्याला कोणाची आठवण येते, कोणी गोड शब्द बोलले तर त्याला किती आधार वाटतो, हे पांडुरंग स्वतःच्या अनुभवाने शिकला. पुढे छात्रालयात त्याला या शिक्षणाचाच सर्वांत अधिक उपयोग झाला.

पुण्यास पदवी मिळविल्यावर तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी गुरुजी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. तेथे त्यांनी पुष्कळ वाचन-मनन केले. परंतु ग्रंथांच्या संगतीत आयुष्य घालवावे असे त्यांना वाटेना. त्यांचे मन माणसांकडे, विशेषतः मुलांकडे ओढ घेई. १९२४ सालच्या जून महिन्यात ते प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले, आणि पुढे छात्रालयाचे कामही त्यांच्याकडे आले.

गुरुजींनी छात्रालयातील अव्यवस्था पाहिली, पण नियमांचा नवा कागद भिंतीवर लावला नाही. त्यांनी हातात केरसुणी घेतली. मुले बाहेर गेली की ते त्यांच्या खोल्यांत जात, केर काढीत, अंथरुणे घडी करून ठेवीत, इतस्ततः पडलेली पुस्तके ओळीने लावीत. कंदिलाच्या काजळलेल्या काचा पुसून त्यांत तेल भरून ठेवीत. कोणाचे मळके कपडे कोपऱ्यात पडलेले दिसले, तर ते धुऊन वाळत घालीत. हे सारे ते गाजावाजा न करता करीत. मुले परत येऊन पाहतात तो खोली आरशासारखी लख्ख!

प्रथम मुलांना नवल वाटले. हे काम कोणी केले, याचा उलगडा होईना. पुढे एखाद्याने गुरुजींना आपल्या खोलीत केर काढताना पाहिले, आणि ही बातमी छात्रालयभर झाली. आपल्याला शिकविणारे, एम. ए. झालेले गुरुजी आपला केर काढतात, आपले सदरे धुतात, हे कळल्यावर मुलांच्या माना खाली गेल्या. रागावलेल्या गुरूला उलट उत्तर देता येते, छडी खाऊन विसरता येते. पण न बोलता आपले काम करणाऱ्या गुरूपुढे काय करावयाचे? त्याला एकच उत्तर होते. गुरुजी येण्यापूर्वीच आपली खोली आपण स्वच्छ करून ठेवावयाची. एकाने ते केले, त्याचे पाहून दुसऱ्याने केले. हळूहळू खोल्या स्वच्छ राहू लागल्या, कपडे वेळेवर धुतले जाऊ लागले, आणि गुरुजींसाठी करावयाचे काम शिल्लक राहीनासे झाले.

ही गोष्ट सांगावयास सोपी वाटते. पण तीत एक अवघड प्रश्न होता. मुलांची कामे गुरूने केली, तर मुले आळशी होणार नाहीत काय? आयते मिळते आहे म्हणून ती स्वस्थ बसणार नाहीत काय? ही शंका अगदीच चुकीची नव्हती. नोकराने केलेले काम पाहून कोणाला लाज वाटत नाही, आणि उपकार म्हणून केलेले काम माणसाला आवडत नाही. गुरुजींचे काम या दोन्ही प्रकारचे नव्हते. घरात आई जशी मुलाचे करते, तसे ते करीत. केलेले काम ते बोलून दाखवीत नसत, त्याबद्दल कृतज्ञता मागत नसत, आणि दुसऱ्या दिवशी मुलाने पुन्हा पसारा केला तरी कंटाळत नसत. मुलांना ते काम दिसे, तसेच त्यामागचे प्रेमही दिसे. या प्रेमाला आपण पात्र व्हावे, अशी इच्छा त्यांच्या मनात उपजे. आणि एकदा ती इच्छा उपजली, म्हणजे नियम सांगावे लागत नाहीत, पाळतही ठेवावी लागत नाही.

या मार्गाने जावयास वेळ मात्र लागतो. हुकूम आज सोडला तर आज त्याचा परिणाम दिसतो. प्रेमाने पेरलेले उगवण्यास काही दिवस जावे लागतात. खानदेशातील शेतकऱ्याला हे वेगळे सांगावयास नको. काळ्या मातीत कपाशी पेरल्यावर बोंडे फुटेपर्यंत त्याला धीर धरावाच लागतो. गुरुजींपाशी तसा धीर होता.

मुलांशी बोलण्याची गुरुजींची रीतही अशीच होती. लहान मुलालाही मान असतो, हे ते कधी विसरले नाहीत. चारचौघांत एखाद्याचा दोष काढला, तर त्याला दोष सुधारण्याचे सुचत नाही. आपली फजिती झाली, एवढेच त्याच्या मनात राहते. म्हणून मुलगा चुकला तर त्याचे मन न दुखविता त्याला सावरावे, असा गुरुजींचा प्रयत्न असे. मुले वाईट वागली तर त्यांना स्वतःलाच वाईट वाटे; आपलेच काही कमी पडले, असे त्यांना वाटे. त्यांचे डोळे चटकन भरून येत. हा त्यांच्या स्वभावाचा हळवेपणा होता, आणि त्यामुळे त्यांना आयुष्यात पुष्कळ क्लेशही झाले. परंतु मुलांना त्यांच्याविषयी विश्वास वाटे, तो याच हळवेपणामुळे.

मुलांशी रोज बोलावयाचे, तर सर्वांना पुरेल एवढा वेळ कोठून आणावयाचा? गुरुजींनी यावर एक सुंदर उपाय शोधला. त्यांनी छात्रालयासाठी एक हस्तलिखित दैनिक सुरू केले. त्याचे नाव ‘छात्रालय दैनिक’. त्या वेळी छापखान्याची सोय नव्हती, आणि तिची जरुरीही नव्हती. गुरुजी स्वतः आपल्या हाताने हे दैनिक लिहून काढीत आणि मुलांनी वाचावे म्हणून लावून ठेवीत. छात्रालयातील लहानमोठ्या घडामोडी, थोरांची चरित्रे, देशातील आणि जगातील वार्ता, चांगल्या पुस्तकांची ओळख, असे पुष्कळ काही त्यात असे. दिवसभर शाळेत शिकवावे, छात्रालयाची कामे करावीत, आणि तरीही रोज नवा अंक लिहावा, हे सोपे काम नव्हे. हे काम त्यांना कोणी सांगितलेले नव्हते, आणि त्याचा मोबदलाही मिळणार नव्हता.

मुले या दैनिकाची वाट पाहू लागली. आपल्यासाठी कोणीतरी जागून लिहितो, आपल्या छात्रालयात काय घडते याला महत्त्व देतो, ही भावनाच त्यांना उंचावणारी होती. लिहिलेल्या शब्दाचा आणखी एक गुण आहे. तो वाचताना प्रत्येक जण आपल्याशीच विचार करतो. स्वच्छतेविषयी किंवा खरेपणाविषयी चार ओळी वाचून, आपण कोठे चुकतो हे ज्याचे त्याला कळते, आणि ते इतर कोणाला कळण्याचे कारण राहत नाही. पुढे १९२८ साली गुरुजींनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिक सुरू केले. छात्रालयाच्या चार भिंतींत सुरू झालेले हे बोलणे मग बाहेरच्या मुलांपर्यंतही पोहोचले.

कोणी मुलगा आजारी पडला, तर गुरुजी त्याच्या उशाशी बसत आणि त्याची शुश्रूषा करीत. कोणाची फी भरावयाची राहिली, कोणाला पुस्तक घेणे जमले नाही, तर गुरुजींच्या पगारातून पैसे जात. स्वतःसाठी त्यांना फारसे काही लागत नसे. अशा रीतीने सहा वर्षे गेली. अमळनेरच्या त्या छात्रालयात शिकलेली मुले पुढे गावोगाव पांगली. आणि जेथे गेली तेथे आपल्या गुरुजींच्या आठवणी सांगू लागली.

१९३० साल उजाडले. महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह सुरू केला, आणि देशात एकच चैतन्य पसरले. गुरुजींच्या मनात मोठी खळबळ उडाली. वर्गात ते मुलांना देशभक्तांच्या गोष्टी सांगत, त्यागाचे मोल समजावून देत. आता प्रत्यक्ष त्यागाची वेळ आली असता आपण शाळेत सुरक्षित बसावे काय? एकीकडे जीव लावलेली मुले होती, नियमित पगार होता, आवडते काम होते. दुसरीकडे तुरुंग होता. परंतु जे आपण करीत नाही ते दुसऱ्यास सांगावयाचे नाही, हा छात्रालयातला धडा त्यांनी स्वतःलाच लावला. त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. मुलांचा निरोप घेताना त्यांना किती यातना झाल्या असतील, याची कल्पनाच करावी.

खानदेशातील गावोगावी हिंडून गुरुजी लोकजागृती करू लागले. सरकारने त्यांना पकडून शिक्षा दिली. प्रथम त्यांना धुळ्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले, आणि पुढे दूर दक्षिणेकडे त्रिचनापल्लीच्या तुरुंगात पाठविण्यात आले. तेथे निरनिराळे प्रांत आणि निरनिराळ्या भाषा यांतील सत्याग्रही एकत्र आलेले होते. एकाच देशाची ही माणसे. पण एकाचे दुसऱ्यास कळत नव्हते. गुरुजींनी तेथे तमिळ भाषेचा अभ्यास केला, आणि ‘कुरल’ या प्राचीन तमिळ ग्रंथाचा पुढे मराठीत अनुवादही केला. दुसऱ्याची भाषा शिकणे म्हणजे त्याला मान देणे, असे त्यांना वाटे. भारतातील सर्व प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात आणि एकमेकांवर प्रेम करावे, हे त्यांचे पुढील काळातील आंतरभारतीचे स्वप्न याच तुरुंगात जन्मास आले.

१९३२ साली गुरुजी पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. या वेळी विनोबा भावे हेही तेथे होते. दर रविवारी विनोबा कैद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन करीत. २१ फेब्रुवारीस पहिले प्रवचन झाले आणि १९ जूनला अठरावे. विनोबा बोलत असताना गुरुजी त्यांचे शब्द भराभर टिपून घेत. स्वतः गुरुजी उत्तम लेखक व वक्ते होते. पण त्या अठरा रविवारी त्यांनी आपले बोलणे बाजूस ठेवले आणि दुसऱ्याचे बोलणे मन लावून ऐकले. ‘गीता प्रवचने’ हा प्रसिद्ध ग्रंथ त्या टिपणांतून तयार झाला, आणि पुढे भारतातील अनेक भाषांत गेला. चांगले बोलण्यास जशी बुद्धी लागते, तसे चांगले ऐकण्यास मोठे मन लागते. धुळ्याच्या तुरुंगातील हे काम त्याची साक्ष देते.

पुढे नाशिकच्या तुरुंगात, १९३३ सालच्या फेब्रुवारी महिन्यात, गुरुजींनी ‘श्यामची आई’ हे पुस्तक अवघ्या पाच दिवसांत लिहून काढले. आईने आपल्याला दिलेले सारे त्यांनी त्या पुस्तकातून महाराष्ट्रातील मुलांना देऊन टाकले.

१९३६ साली खानदेशावर एक मोठे काम येऊन पडले. राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, अधिवेशन आजवर मोठ्या शहरांतच भरत असे. ते या वेळी प्रथमच खेड्यात भरवावयाचे ठरले, आणि त्यासाठी पूर्व खानदेशातील फैजपूर हे गाव निवडण्यात आले. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, महात्मा गांधीही येणार होते. हजारो माणसे राहतील एवढे नगर शेतात उभारावयाचे होते. चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या वस्तू वापरून त्या नगराची शोभा वाढविली. धनाजी नाना चौधरी, शंकरराव देव आदी कार्यकर्ते त्यासाठी झटत होते. पण एवढ्या कामाला पैसा आणि माणसे कोठून यावयाची?

गुरुजी पायी निघाले. खेड्यामागून खेडी त्यांनी पालथी घातली. शेतकऱ्यांच्या ओसरीवर बसून ते त्यांना अधिवेशनाचे महत्त्व समजावून देत. शेतकरी गरीब आणि अडाणी आहे म्हणून त्याला वरून उपदेश करावा, असे त्यांच्या मनातही येत नसे. हे अधिवेशन तुमचे आहे, तुमच्या अंगणात भरणार आहे, म्हणून ते तुम्हीच पार पाडावयाचे आहे, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा असे. लोकांना ते पटे. डिसेंबर महिन्यात फैजपूरचे अधिवेशन मोठ्या उत्साहाने पार पडले. एका छात्रालयात जे घडले होते, तेच आता मोठ्या प्रमाणावर घडले. काम लादले गेले नाही. ज्यांनी ते करावयाचे, त्यांना ते आपले वाटले.

दोन वर्षांनी, १९३८ साली, पूर्व खानदेशात अतिवृष्टीने पिकांची दैना केली. हाती काही न लागलेल्या शेतकऱ्याने सरकारी सारा कोठून भरावा? साऱ्यात सूट मिळावी म्हणून गुरुजींनी शेतकऱ्यांना एकत्र केले, सभा घेतल्या, मिरवणुका काढल्या. त्याच वर्षी त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक सुरू केले, आणि त्यातून शेतकऱ्यांची व कामकऱ्यांची दुःखे मांडली. अमळनेर आणि धुळे येथील गिरण्यांतील कामगारांच्या संघटनेतही त्यांनी लक्ष घातले. यंत्रापुढे दिवसभर उभा राहून जो कापड विणतो, त्याला पोटभर अन्न आणि माणुसकीची वागणूक मिळाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. मुलाला मान असतो, तसा कामगारालाही असतो. तो राखला नाही, तर कामगाराचे हात राबतील, पण त्याचे मन कामात असणार नाही.

गुरुजी मृदू होते, म्हणजे दुबळे होते, असे मात्र कोणी समजू नये. अन्याय दिसला की ते वज्रासारखे कठोर होत; आणि ती कठोरता ते स्वतःच्या देहावर प्रथम चालवीत. १९४७ साली याचा प्रत्यय साऱ्या महाराष्ट्राला आला. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दर्शन घेण्यास अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना मंदिरात जाऊ देत नसत. चोखामेळ्याच्या वंशजांनी देवाच्या दारातच थांबावे, हे गुरुजींना सहन होईना. त्यांनी प्रथम अनेक महिने महाराष्ट्रभर दौरा करून लोकांची मने वळविली. विरोध करणाऱ्यांनाही त्यांनी शत्रू मानले नाही. शेवटी १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात उपोषण आरंभिले. दिवसामागून दिवस गेले, प्रकृती खालावत चालली, साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष पंढरपूरकडे लागले. दहा दिवसांनी मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले, आणि उपोषण सुटले. आज विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवण्यास जातीची आडकाठी होत नाही, त्यामागे गुरुजींचे ते दहा दिवस आहेत.

देश स्वतंत्र झाल्यावर १५ ऑगस्ट १९४८ रोजी गुरुजींनी ‘साधना’ हे साप्ताहिक सुरू केले. छात्रालय दैनिक लिहिणारा हात अखेरपर्यंत लिहीतच राहिला. परंतु स्वतंत्र भारतातही द्वेष आणि भेद शिल्लक राहिलेले पाहून त्यांचे मन फार व्यथित होई. लोकांचे दोष दिसले की स्वतःलाच क्लेश करून घ्यावयाचे, हा त्यांचा स्वभाव छात्रालयात होता तसाच राहिला. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे पन्नास वर्षांचे होते.

गुरुजींनी मागे धनदौलत ठेवली नाही. पुस्तके मात्र पुष्कळ ठेवली, आणि त्यांहूनही अधिक मोलाची अशी माणसे ठेवली. अमळनेरच्या छात्रालयात त्यांच्या हाताखाली वाढलेली मुले, फैजपूरला राबलेले स्वयंसेवक, खानदेशातील शेतकरी आणि कामकरी, या सर्वांना एकच अनुभव आला होता. गुरुजी आपल्याला काम सांगतात, त्यापूर्वी ते स्वतः त्या कामाला लागलेले असतात. आणि सांगतात तेव्हा आपला मान राखून सांगतात.

कोणतेही काम चार जणांनी मिळून करावयाचे असले, तर कोणीतरी पुढे व्हावे लागते. पुढे होणाऱ्याच्या हाती केरसुणी असावी की छडी, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. बोरीकाठच्या त्या छात्रालयात एका लाजाळू शिक्षकाने केरसुणी निवडली, आणि थोड्याच दिवसांत प्रत्येक मुलाने आपल्या खोलीची केरसुणी आपल्या हाती घेतली.